मोटारसायकलच्या क्लचचे गळके सील : घरच्या घरी कसे बदलावे?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या मोटारसायकलीला बैलाइतकेच काम पडते. टोळी फडात उतरली का ते बघायचे, चिटबॉयला गाठायचे, मुकादमाशी बोलायचे, भरलेली गाडी काट्यावर कधी पोहोचली त्याची चौकशी करायची, आणि सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन वेगळेच. कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी, जांब समर्थ या आपल्या पट्ट्यात शेतरस्ते काळ्या मातीचे. पावसाळ्यात चिखल आणि हिवाळ्यात पिठासारखी धूळ. अशा रस्त्याने दिवसभर गाडी पळवून रात्री ओट्यापाशी लावली, की सकाळी इंजिनाची उजवी बाजू तेलकट दिसते. आपण म्हणतो, "असू द्या, हंगाम उरकला की बघू."

हे 'असू द्या' किती महागात पडते, त्याचा आधी हिशेब करू. ट्रॅक्टरच्या चेंबरात कित्येक लिटर तेल असते. १०० सी.सी.च्या मोटारसायकलीत ते जेमतेम एक लिटरच्या आसपास असते. रोज दहा मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे तेल गळाले, तरी महिन्यात तीनशे मिलिलिटर होते. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश तेल गेले! तेच तेल पिस्टनला, क्रँकला, गिअरला आणि क्लचला पुरवायचे असते. तेल कमी पडले की इंजिन तापते, आवाज करू लागते आणि शेवटी जाम होते. शिवाय सांडलेले तेल फूटरेस्टवर, बुटाच्या तळाला आणि मागच्या टायरवर गेले, तर ओल्या रस्त्यावर गाडी घसरते ती वेगळीच. छोट्याशा रबरी सीलपायी अख्खे इंजिन खोलण्याची पाळी येऊ नये, म्हणून हा लेख.

क्लचचे सील कुठे असते?

१९८५ साली हीरो होंडाची सी.डी. १०० आणि १९९४ साली स्प्लेंडर आली, तेव्हापासून खेड्यापाड्यांत चार स्ट्रोकच्या हलक्या गाड्या घरोघरी झाल्या. अशा गाड्यांत क्लच इंजिनाच्या उजव्या झाकणाच्या आत, तेलात बुडालेला असतो. हँडलचा क्लच दाबला की केबल ओढली जाते, झाकणावरचा छोटा आर्म फिरतो, आर्मचा शाफ्ट आतल्या दट्ट्याला ढकलतो आणि क्लचच्या प्लेटा सुटतात. हा शाफ्ट जिथे झाकणातून बाहेर येतो, तिथे एक गोल सील बसवलेले असते. शाफ्ट फिरू द्यायचा, पण तेल बाहेर येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम.

सीलला तीन भाग असतात. बाहेर लोखंडी कडे, त्यावर रबर, आणि आतल्या बाजूला शाफ्टला चिकटून राहणारा पातळ ओठ. बऱ्याच सीलांत या ओठाभोवती केसासारखी बारीक स्प्रिंग असते. ती ओठाला शाफ्टवर दाबून धरते.

विहिरीवरच्या पंपाची ग्लँड आपल्याला माहीत आहे. तिच्यात दोरी भरतो आणि नट इतकाच आवळतो की थेंब थेंब पाणी येत राहावे. तो थेंब आला नाही तर दोरी जळते. पण मोटारसायकलच्या सीलला हा न्याय लावू नये. इथे ओठाखाली तेलाचा नुसता ओलावा असतो, तेवढा त्याला पुरतो. बाहेर थेंब दिसला म्हणजे काही तरी बिघडले, असेच समजावे.

यातल्या रबराची ओळखही आपल्या जिल्ह्याला जुनी आहे. जालना आणि सोलापूर इथे सुधारलेल्या पोलादी हातपंपांच्या अनुभवातून १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा हापसा तयार झाला. 'जालना पंप' हे नाव हातपंपाच्या इतिहासात आजही घेतले जाते. त्या हापशाच्या सिलिंडरमध्ये पूर्वी चामड्याचे वायसर असत. ते झिजले की हापसा बंद. पुढे नायट्राईल रबराचे वायसर आले आणि ते चामड्यापेक्षा पुष्कळ टिकले. मोटारसायकलच्या तेल-सीलातही बहुधा हेच नायट्राईल रबर असते, कारण तेलाने ते साध्या रबरासारखे फुगत नाही. मात्र उष्णतेने आणि वयाने तेही कडक होते.

सील बदलण्याआधी गळती शोधावी

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. माझ्याकडून झालेली चूक सांगतो. इंजिनाची उजवी बाजू तेलाने भिजलेली पाहून मी क्लचचे सील आणले, अर्धा दिवस घालवून बसवले, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलो.

"मिस्त्री, नवं सील टाकलं तरी तेल येतंच आहे. सील डुप्लिकेट दिसतंय."

मिस्त्रींनी गाडीकडे पाहिले, चिंधीने इंजिन पुसले आणि म्हणाले, "काका, सीलला कशाला शिव्या देता? तेल वरून येतंय. टॅपेट कव्हरची रिंग गेलीय. वारा लागला की तेल खाली-मागं पसरतं, अन् नाव मात्र क्लचचं होतं."

तेव्हापासून मी आधी शोध घेतो, मग पाना उचलतो. पद्धत अशी :

इंजिन थंड असताना उजवी-डावी बाजू डिझेल आणि जुन्या ब्रशने धुऊन, पुसून कोरडी करावी. अर्धा तास उन्हात ठेवावी. मग संशयाच्या जागांवर अंगाला लावायची पांढरी पावडर पातळ भुरभुरावी. गाडी जागेवर पाच-दहा मिनिटे चालू ठेवावी, अधूनमधून क्लच दाबावा. नंतर गावाला एक फेरी मारून यावी. पावडर जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे ओली झाली, तिथे गळतीचे मूळ.

उजव्या बाजूला तेल येण्याच्या जागा वरून खाली अशा : टॅपेट कव्हर, हेड आणि सिलिंडरचा सांधा, क्लच आर्मचे सील, झाकणाचे पॅकिंग, किकच्या शाफ्टचे सील. डाव्या बाजूला गिअर शाफ्टचे सील आणि चेनच्या पुढच्या चाकामागचे सील. तळाला चेंबरचा बोल्ट.

अजून एक खूण लक्षात ठेवावी. क्लच आर्मचे सील बहुधा तेलाच्या पातळीच्या वर असते. त्यामुळे ते गाडी चालू असताना गळते, उभी असताना फारसे नाही. गाडी रात्रभर उभी असून सकाळी खाली डबके दिसले, तर आधी किकचे सील, गिअरचे सील आणि चेंबरचा बोल्ट तपासावा.

सील का जाते?

कारण सापडले नाही तर नवे सीलही लवकर जाते. नेहमीची कारणे पाच.

१. वय आणि उष्णता. रबर कडक होऊन ओठाला तडे जातात.

२. माती. बऱ्याच गाड्यांत आर्मचा शाफ्ट वर तोंड करून उभा असतो. सीलच्या वाटीत धूळ आणि पाणी साचते. धुळीतले बारीक कण ओठाखाली शिरून शाफ्टला घासतात. आपण फवारणीच्या एचटीपी पंपाने गाडी धुतो, ते दाबाचे पाणी नेमके तिथेच माती आत ढकलते. त्या जागी फवारा मारू नये.

३. तेल जास्त भरणे. "थोडं वर असलं तर बिघडतं काय?" असे म्हणून आपण तेल ओततो. जास्तीचे तेल घुसळले जाते, आतला दाब वाढतो.

४. इंजिनाची श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, तुंबणे. पिस्टन खालीवर होताना आतली हवा याच नळीतून मोकळी होते. नळीत माती किंवा कुंभारमाशीचे घर झाले, अथवा नळी दुमडली, की दाब सीलमधून वाट काढतो. सील बदलताना ही नळी हमखास साफ करावी.

५. कोरडी केबल. क्लच जड झाला की शाफ्ट एका अंगाला ओढला जातो, भोक झिजते आणि सीलचा ओठ एका बाजूने उघडा पडतो.

लागणारे साहित्य

टी-पाने किंवा गोटी पाने (झाकणाच्या बोल्टांना साधारण ८ नंबर, बाकी ठिकाणी १० व १२, चेंबरच्या बोल्टला पुष्कळ गाड्यांत १७, आपल्या गाडीचे माप आधी पाहून घ्यावे), पक्कड, पेचकस, लहान हातोडी, लाकडाचा ठोकळा, थोडे ग्रीस, डिझेल, स्वच्छ सुती फडकी, तेल धरायला घमेले, आणि एक पुठ्ठा.

दुकानातून आणायचे : क्लच आर्मचे तेल-सील, उजव्या झाकणाचे पॅकिंग, चेंबरच्या बोल्टचे वायसर आणि इंजिन ऑईल. गाडीचे नाव आणि साल सांगूनच सील घ्यावे. सीलवर तीन आकडे कोरलेले असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. जुन्या सीलवरचे आकडे नव्याशी ताडून पाहावे. किकचा शाफ्टही याच झाकणातून येतो, म्हणून त्याचेही सील सोबत आणावे. पुन्हा झाकण खोलायला नको.

कृती

१. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावावी. पेट्रोलचा कॉक बंद करावा. इंजिन कोमट असू द्यावे, गरम नको. जवळपास विडी-काडी, चूल नको. खाली गोणपाट किंवा चादर अंथरावी, म्हणजे पडलेली पिन सापडते.

२. चेंबरचा बोल्ट सोडून तेल घमेल्यात काढावे. काही जण तेल वाचवायला गाडी डाव्या अंगावर आडवी करतात. तसे करू नये. पेट्रोल सांडते आणि बॅटरीचे ॲसिडही सांडू शकते.

३. क्लच केबलचा नट ढिला करून केबल आर्ममधून सोडवावी. आर्म आता कोणत्या दिशेला आहे, ते झाकणावर खडूने किंवा ओरखड्याने खूण करून ठेवावे. किकच्या दांड्याचीही तशीच खूण करावी. मग किक काढावी. आड येत असेल तर फूटरेस्ट आणि सायलेन्सरही काढावा.

४. झाकणाचे बोल्ट एकदम न काढता आळीपाळीने, समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करावे. या बोल्टांची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर झाकण किंवा आटे फुटतात.

५. झाकण चिकटलेले असेल तर कडेला लाकूड लावून हलके ठोकावे. फटीत पेचकस घालून उचकटू नये, पृष्ठभागावर खड्डा पडतो आणि कायमची गळती लागते. झाकण निघताना दोन लहान नळ्या, म्हणजे डोवेल, आणि क्लचच्या मधला दट्ट्या पडत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावे. क्लचच्या प्लेटांना हात लावू नये. त्यांचे काम आज नाही.

६. झाकण उलटे करून शाफ्ट कसा अडकवला आहे ते पाहावे. कुठे तो आतल्या तुकड्याने अडतो, कुठे बारीक पिन असते. स्प्रिंगचे कोणते टोक कुठे होते, ते लक्षात ठेवावे. आता मोबाइल हाताशी असतो, फोटो काढून ठेवलेला उत्तम. मग शाफ्ट अलगद काढावा; जोराने ओढू नये.

७. जुने सील वाकड्या टोकाच्या हत्याराने आतून उचलावे. खाली फडके ठेवावे. झाकण ॲल्युमिनियमचे आहे, मऊ आहे; सीलच्या घरावर चरा पडला तर तेल त्या चऱ्यातून येते.

८. आता शाफ्ट तपासावा. पुसून त्यावर अंगठ्याचे नख आडवे फिरवावे. नख अडकेल अशी चरी पडली असेल, तर नुसते सील बदलून उपयोग नाही, शाफ्टही बदलावा. किरकोळ गंज असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, गोलाकार घासावा. उभा घासला तर तेलाला उभी वाट मिळते. शाफ्ट भोकात बसवून हलवून पाहावा. फार डुगडुगत असेल तर झाकण किंवा बुशचे काम मिस्त्रीला दाखवावे.

९. सीलचे घर पुसून कोरडे करावे. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावावे. स्प्रिंग दिसते ती बाजू आत, तेलाकडे ठेवावी. उलटे बसवलेले सील पहिल्याच दिवशी गळते. सीलच्या बाहेरच्या कडेएवढी गोटी त्यावर ठेवून हातोडीने सावकाश, सारखे ठोकावे. जुने सील जेवढे खोल होते, तेवढेच बसवावे.

१०. शाफ्टच्या टोकाला खाच आणि धार असते. सरळ घातला तर तीच धार नव्या ओठाला चिरते. म्हणून दुधाच्या पिशवीचा पातळ कागद टोकाला गुंडाळून, ग्रीस लावून, शाफ्ट फिरवत फिरवत आत घालावा आणि मग कागद काढून घ्यावा. नवी सीले जी लगेच गळतात, त्यातली पुष्कळशी इथेच फाटलेली असतात.

११. झाकणाच्या आणि इंजिनाच्या कडेवरचे जुने पॅकिंग लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या कपच्याने खरवडावे. इंजिनाच्या आत कचरा पडू देऊ नये. नवे पॅकिंग डोवेलवर बसवावे. वरून गोंद किंवा सिलिकॉन फासू नये. त्याचे तुकडे तेलात जाऊन जाळी तुंबवतात.

१२. खुणेप्रमाणे आर्म ठेवून झाकण बसवावे. हाताने दाबून झाकण पूर्ण टेकले पाहिजे. टेकत नसेल तर बोल्टने ओढू नये; आतला दट्ट्या किंवा किकची स्प्रिंग अडली आहे, असे समजून पुन्हा काढून पाहावे. मग बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. हे ६ मिलिमीटरचे बोल्ट आहेत, ट्रॅक्टरचे नव्हेत. आखूड पान्याने, मनगटाच्या जोरावर जेवढे बसतात, तेवढे पुरे.

तेल आणि चाचणी

चेंबरचा बोल्ट नव्या वायसरसह लावून, पुस्तिकेत दिलेल्या मापाचे तेल ओतावे. घरात ट्रॅक्टरचे तेल शिल्लक आहे म्हणून तेच ओतायचे, ही सवय सोडावी. मोटारसायकलचा क्लच तेलात असतो. मोटारगाडीच्या काही तेलांतल्या निसरड्या द्रव्यांनी क्लच घसरू लागतो. डब्यावर 'जासो एमए' असे लिहिलेले, चार स्ट्रोक मोटारसायकलचे तेल घ्यावे. जाडी पुस्तिकेप्रमाणे, पुष्कळ गाड्यांना १० डब्ल्यू ३० चालते.

केबल जोडून, तिच्यात तेलाचे चार थेंब सोडून, क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ ठेवावा. खेळच ठेवला नाही तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात.

गाडी दोन-तीन मिनिटे चालू करून बंद करावी, तेवढाच वेळ थांबावे आणि मग तेल पाहावे. तेलाची काडी असलेल्या पुष्कळ गाड्यांत काडी पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघतात. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावे, वर नको. रात्री इंजिनाखाली वर्तमानपत्र अंथरावे. सकाळी कागद कोरडा, तर काम झाले. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बोल्ट आणि तेल पाहावे.

काढलेले तेल बांधावर, पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे. थोडेसे तेलही पुष्कळ पाणी नासवते.

हे काम घरी करू नये

चेनच्या चाकामागून तेल येत असेल, क्लच घसरत असेल, शाफ्टचे भोक झिजले असेल, चेंबरचे आटे गेले असतील किंवा गाडी वॉरंटीत असेल, तर मिस्त्रीकडेच जावे. जुनी राजदूत किंवा येझदी अजून कोणी जपली असेल, तर त्यांच्यासाठी वेगळी सूचना. त्या दोन स्ट्रोक गाड्यांत क्लचच्या बाजूचे क्रँक सील गेले की तेल बाहेर दिसत नाही. इंजिन गिअरबॉक्सचे तेल आत ओढते, धुराचा लोट निघतो, प्लग वारंवार भिजतो आणि गिअरबॉक्समधले तेल गुपचूप कमी होते. त्याला क्लच काढण्याचे पुलर लागते. ते काम जाणत्या हातांचे.

आणि एक पथ्य सर्वांसाठी. काडीवर तेल खालच्या खुणेखाली गेलेले दिसले, तर "फडापर्यंतच जायचंय" म्हणून गाडी काढू नये. आधी तेल भरावे, मग निघावे. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी काडी ओढून पाहायची सवय ठेवली, तर गळती चमचाभर असतानाच कळते. उसाला रोग दिसला की आपण पहिले पानच पाहतो, सगळा फड वाळायची वाट बघत नाही. गाडीचेही तसेच करावे.